अक्षता पंख्यात अडकल्या, मामा

प्रिय मामा,

पत्र लिहायचं ठरवलं नव्हतं. कॉम्प्युटर तपासायला काहीतरी टाइप करायचं होतं, आणि डोक्यात तुमच्यावरच्या रागाशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून हे, भर दुपारी, तुमच्याच खुर्चीत बसून. दहा मिनिटांच्या पुढं चालला तर दुकान राहील. पुन्हा बंद पडला तर उद्या सकाळी जालन्याचा डीलर येऊन याला उचलून नेणार, आणि मामी कुलूप लावणार.

"कॉलेज सोडू नको म्हणत होते ना घरचे? जा मंग परत," मामी म्हणते. चूक काय बोलते? दुसऱ्या वर्षाला नाव काढून मी आष्टीला आलो ते कुणाच्या भरवशावर? "टायपिंगचं दुकान दोघं मिळून वाढवू," म्हणालात. दोघं! बघा आता किती जण बसलेत ते!

दसऱ्यापासून हे असंच. चालू होतो, दहा मिनिटांत गप्प. थोडं थांबून लावला की पुन्हा सुरू. तुम्ही म्हणालात व्होल्टेज असंल, स्टॅबिलायझर बदलला. मी म्हणालो रॅम असेल, काढून खोडरबरनं घासली. तरी ऐकेना, तेव्हा मी वरून दोन चापटा हाणल्या.

"अज्या, म्हशीला तरी असं मारतो का रे? आधी हात लाव, मंग डोकं लाव. तोंड सगळ्यात शेवटी."

मोठे आले शिकवणारे! याच्यासाठी जालन्याला दोनदा खेटे घातलेत. दोनदा! दवाखाना त्याच रस्त्यावर होता ना? छातीत दुखलं की सोडा प्यायचा आणि म्हणायचं, "गॅस हाय रे, येडा का तू!" मशीन जरा गुरगुरलं की कान लावून ऐकायचात. स्वतःचं कधी ऐकलंत? दसऱ्यानंतर आठव्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर केलंत आणि तिथंच बसलात. ते अर्धं शटर मला अजून पूर्ण उघडवत नाही. वाकून आत येतो.

आणि वैशालीचं काय?

तुम्हाला सगळं ठाऊक होतं. टायपिंगची परीक्षा होऊन तीन महिने झाले तरी ती स्पीड वाढवायला म्हणून येत होती, आणि ती आली की तुम्हाला बरोबर चहाची तलफ यायची. "दसऱ्याला सोनं द्यायला तिच्या बापाकडं, गुरुजींकडं जातोच हाय, कानावर घालतो," म्हणालात. आपट्याची पानं घेऊन गेलात. आलात ते तोंडात बर्फी घेऊन.

"बोललात?"

"सणाच्या दिवशी कसं बोलावं रे? दिवाळीत बोलू."

दिवाळी आली की हो! तुम्ही कुठं होतात? आता रविवारी परतूरचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत. मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

पंधरा मिनिटं झाली. चालून राह्यलाय.

काल डीलर आल्ता. वरवर बघितलं, म्हणाला, "मदरबोर्ड गेला, दादा. यात जीव न्हाई. नवीनच घ्या." यात जीव न्हाई! महिन्याभरात दुसऱ्यांदा ऐकलं मी हे. पहिल्यांदा डॉक्टरपुढं हात चोळत उभा होतो. काल डीलरची बॅग रस्त्यावर फेकली. मामीनं त्याची माफी मागितली.

आज राग जरा उतरल्यावर तुमचं ते आठवलं, आधी हात लाव. चालू करून आत बोट टेकवलं. चटका बसला! पंखा फिरतच नव्हता. टॉर्च मारला तर पात्यांच्या बुडाशी काय दिसावं? तांदूळ. कुंकवानं लाल झालेले, उदबत्तीच्या काजळीत चिकटून बसलेले. हवा लागावी म्हणून झाकण तुम्हीच कायमचं काढून ठेवलेलं, आणि दसऱ्याच्या पूजेत उघड्या मशीनवर मूठभर अक्षता! हा काय विळा-कोयता होता का हो?

एकटाच हसलो. मग इतका राग आला तुमचा, की जाब विचारायलाच तुम्ही हवे होतात.

सुईनं एकेक दाणा काढला, नऊ निघाले. पंख्याला मामीच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं. पात्याला बोटानं ढकललं, फिरला.

पन्नास मिनिटं, मामा. हात लावून बघितला, कोमट आहे.

उद्या डीलरला दारातूनच परत पाठवीन. बॅगेबद्दल माफीही मागीन, तुम्ही असता तर मागायला लावलीच असती.

आणि शब्द देतो, शनिवारी मी स्वतः गुरुजींकडं जाणार. पोरगा काय करतो असं विचारलं तर सांगीन, दुकान चालवतो. शटर पूर्ण वर करूनच निघीन. बर्फी खाऊन मुकाट परत येणार नाही. हाकललं तरी बोलून येईन.

ते नऊ दाणे फेकले नाहीत. पुडीत बांधून खिशात ठेवलेत. माझ्या लग्नात अक्षता टाकायला तुम्ही सगळ्यांच्या पुढं असणार होतात. गुरुजी हो म्हणाले, तर ही पुडी मांडवात मामीच्या हातात देईन. सांगीन, मामांनी आधीच टाकल्यात, उरलेल्या तू टाक.

पुढच्या दसऱ्याला आधी झाकण लावणारा,
तुमचा अज्या