पळसाखालची ओल

माय, तुला वाचता येत नव्हतं. घरात शाळेत गेलेली मी पहिली. म्हणूनच बहुधा हे तुला लिहायचा धीर होतोय.

मानोरा गावाजवळच्या एका उजाड माळावर मी दोन महिने इंटर्नशिपला आहे. तिथे चर खणून, गवत पेरून, रोपं जगवून जमीन सावरायची खटपट चालते. जमिनीत पुरलेले सेन्सर ओलावा मोजतात आणि त्या आकड्यांवरून नकाशा रंगवणं हे माझं काम. कोरडं ते लाल, ओलं ते निळं. वरच्या उतारावर एकच सेन्सर, पळसाखाली. तो रोज ओल दाखवायचा, म्हणून मी अख्खा उतार निळा केला. नकाशा तीनदा तपासला, आकडे बरोबर होते. तो पाहून प्रकल्पाच्या सरांनी त्या उताराचं टँकरचं पाणी खालच्या लाल पट्ट्याकडे वळवलं.

पंधरा दिवसांनी वर गेले तर रोपं वाळलेली. एकेकाची साल नखाने खरवडून पाहिली, आत कुठेच हिरवं नव्हतं. तेवढ्यात पळसाखाली जेवायला बसलेल्या कामावरच्या बाया उठल्या. हात धुतले आणि कॅनमध्ये उरलेलं पाणी पळसाच्या बुंध्याशी ओतलं. मी बघतच राहिले, तर त्यातली एक म्हातारी म्हणाली, "असं काहून पाहून राह्यली वं? उरलेलं पानी घरी नेत नसतात."

मी सात-आठ वर्षांची आहे, निंदणीहून आपण परत चाललोय. शेतात उरलेल्या पाण्याची डोक्यावरची कळशी जड होते म्हणून मी तुझ्यामागे गुपचूप पाणी वाटेवर सांडते. तू वळून बघतेस. मारत नाहीस. मला परत विहिरीवर नेतेस, कळशी भरायला लावतेस आणि बांधावरच्या बाभळीला घालायला लावतेस. "तुले तहान लागते, झाडाले नाही लागत का?"

सेन्सर खोटं बोलला नव्हता, त्याला तेवढीच जागा ठाऊक होती. मला मात्र ही रीत ठाऊक होती, माय. रोपं सुकताना दिसली नाहीत का, असं मी त्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "दिसली ना. पन नकाशा तुह्यापाशी. आमाले कोन इचारते?" पाठीवरून वाहून त्यांनीच ती रोपं वर नेली होती.

सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पावसाळ्यात पुन्हा लावू म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. आज सेन्सर हलवला. पळसाला पाणी घालू नका, असं बायांना सांगायला सरांनी मला सांगितलं होतं. ते मी सांगितलं नाही.

हा कागद वहीतच राहील. एक गोष्ट तेवढी सांगायची उरली. तू गेलीस त्या दुपारी वाशीमच्या दवाखान्यात तुझ्या तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं. खिडकीखालीच कडुनिंब होता. मी ते मोरीत ओतलं आणि तांब्या पुसून पिशवीत ठेवला.