सहाव्या सीटखालची जागा

३ मार्च, सोमवार
पोचलो एकदाचे! आई, मी, दोन बॅगा आणि तिची ती वेताची खुर्ची. धक्क्यालगतची खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून अख्खं तळं दिसतं आणि आईला चढायला एकही पायरी नाही. दादाने फोनवर नेहमीची टेप लावली, की तिला एखाद्या संस्थेत ठेव आणि तू मोकळी हो. बोलायला त्याचं काय जातं!

नोकरी मजेची आहे. पॉन्टून बोट म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर बसवलेला सपाट डेक, कडेने गादीच्या आठ सीटा. सीट वर उचलली की खाली पेटी. पर्यटकांना घेऊन दिवसाला तीन फेऱ्या; सामान मी सांभाळायचं. बोट चालवणारे काका साठीचे, स्वभावाने भले, पण पेट्यांचा नुसता उकिरडा केलाय. दुकानाच्या गोदामात वीस वर्षं काढलेली बाई मी, मला हे बघवतंय थोडंच! आईला दिवसभर बोटीवर बसवायला काकांची ना नाही. देव भलं करो त्यांचं.

५ मार्च
एक ते पाच लावून झाल्या. लाइफ जॅकेट सगळ्यात वर, झटकन हाताला लागतील अशी, लहान मुलांची वेगळी. दोर जाळीच्या पिशव्यांत, म्हणजे कुजत नाहीत. जड सामान मधल्या पेट्यांत, नाहीतर बोट एका अंगाला कलते. तळाशी लाकडी पट्ट्या, खालून वारा खेळावा म्हणून. माझी पाठ मात्र कामातून गेली. त्यात आई दर पाच मिनिटांनी विचारते, बाई, तुम्ही कोण. मी सांगते, तुझी लेक. ती म्हणते, असं होय. की पुन्हा पहिल्यापासून.

सहावी पेटी फाटक्या ताडपत्र्यांनी ठासून भरलीय. झाकणाला आतून रंगाने लिहिलंय, ही भरलेलीच ठेवा. अक्षर काकांचं. का लिहिलं, हे त्यांनाच आठवत नाही. मी म्हटलं, तुम्ही आणि आई एकाच माळेचे मणी.

६ मार्च
अख्खी पेटी चिंध्यांवर वाया घालवायची म्हणजे काय! ताडपत्र्या ओढून बाहेर काढल्या. आत कोरडं, उबदार, बुरशीचा मागमूस नाही. नांगर आणि साखळी तिथेच ठेवली. आज मन प्रसन्न आहे, अंग मात्र नाही.

७ मार्च
नांगर कुठे ठेवलाय ते काकांना दाखवायला गेले, तर पेटी रिकामी. काका म्हणाले, आपल्या बोटीला नांगर कधी नव्हताच. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा अगदी सरळ होता.

८ मार्च
खात्री करून घेतली. काकांनाच निळी बादली सहाव्या पेटीत ठेवायला लावली. झाकण लावलं, उघडलं. बादली नाही. काकांनी विचारलं, कसली बादली.

त्यांच्या खोलीत दाराशी बायकी चपलांचा जोड आहे, पलंगावर दुसरी उशी आहे. कुणाची, म्हणून विचारलं. काका म्हणाले, काय की. मग उगाचच डोळे पुसले. सहाव्या पेटीत जे जातं, ते लोकांच्या डोक्यातूनही जातं. फक्त काहीतरी टोचत राहतं, का ते कळत नाही.

९ मार्च
ताडपत्र्या परत कोंबल्या. झाकणाला दोर बांधला.

१० मार्च
दोर सुटलेला. पेटी रिकामी; एकदा रिकामी केली, आता भरलेली राहत नाही. कसल्या ताडपत्र्या, म्हणाले काका. मग मला तेवढ्या कशा आठवतात? हातात पेन आहे म्हणून? लिहून ठेवते, तेवढंच उरतं.

नोकरी सोडायला हवी. पण पुन्हा बॅगा भरायच्या, पुन्हा खोली शोधायची, पुन्हा आईला नव्या भिंती ओळखीच्या करून द्यायच्या. त्राण नाही गं बाई. पुढच्या सोमवारी बघू.

१२ मार्च
आई आता सहाव्या सीटवरच बसते. दुसरीकडे बसवलं की रडते. गादीवर थोपटत म्हणाली, आत किती शांत आहे. तिला तीनदा उठवलं. चौथ्यांदा नाही उठवलं. दमले.

१३ मार्च, आतून
पेन्सिल आहे. फटीतून उजेड येतो. लवकर लिहायला हवं —

जेवणानंतर, बोट बांधलेली असताना, मला डुलकी लागली. जाग आली तर सहावं झाकण उघडं. आई आत. कुशीवर, गालाखाली हात. तीन वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता.

लगेच धावले नाही. हे लिहितेच. झाकणावर हात ठेवून उभी राहिले. नुसतं पाडायचं होतं. मला आठवलंही नसतं की मला आई होती. झोपले असते. पोटभर झोपले असते. दहा आकडे मोजले. खरंच मोजले.

मग ओढायला लागले. हलेना. ती आतून धरून बसली होती, का तिला कुणी — माहीत नाही. आत उतरले. पाठीखाली खांदा घातला, सगळा जोर लावून तिला वर ढकललं. निघाली! माझी आई निघाली. मी हात वर केला, म्हटलं, आई, हात दे —

तिने झाकण लावलं. आपलं घरचं कपाट लावावं तसं, हलकेच.

ठोकते. कुणी ऐकत नाही. चारच्या फेरीची माणसं चढलीत. वर गादी दबली, आईच बसलीय, तिचा खोकला ओळखते मी. पाय लांब केले तरी पलीकडची बाजू लागत नाही. ऊब आहे. झोप येतेय, इतकी —

काकांचा आवाज. विचारतायत, आजी, सोबत कोण आहे तुमच्या. आई म्हणाली, कुणी नाही, मी एकटीच आले. मला एकच मुलगा, तो लांब असतो. तीन वर्षांत इतकं स्पष्ट बोलली नव्हती. आवाजात भीती नाही, गोंधळ नाही. बरी वाटली.

इंजिन सुरू झालं. झाकणाला तोंड लावून ओरडतेय. आई, खाली बघ. आई, मी आहे, मी तुझी —