तळघरातले बाहत्तर फूट

५ ऑक्टोबर १९३६
आले एकदाची कॉर्बिन्स फेरी या गावी! दोन वर्षं बेकार, हातावर हात ठेवून बसल्यावर सरकारनं जुन्या इमारती मोजून नकाशे काढायचं काम दिलं, आणि पहिलीच इमारत ही, शहराचं शस्त्रागार. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच दिसलं. लाल विटांचे दोन बुरूज, वर किल्ल्यासारख्या चर्या, भिंतीत मारा करायच्या जंग्या. १८९१ साली इथं कोण बाण मारायला येणार होतं? संपकऱ्यांना धाक बसावा म्हणून सगळा थाट. आतला कवायतीचा हॉल मात्र अफाट. मध्ये एक खांब नाही, डोक्यावर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांची कमान, पायाखाली मेपलच्या फळ्या. कोणी नाही असं पाहून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्क धावले.

रखवालदार ऑरिन हॅस्केट यांनी पाहिलंच. सत्तरीचे आहेत, पूर्वेच्या बुरुजात एकटे राहतात. म्हणाले, "बाई, पलटणीत भरती व्हायला जरा उशीर झाला तुम्हाला." मग त्यांनीच शिजवलेले घेवडे आणि मक्याचा पाव वाढला. चांगला माणूस.

८ ऑक्टोबर
हिशेब जुळत नाही. वरचा हॉल आतून तीनशे सात फूट, आणि त्याच्याच खालचं तळघर दोनशे पस्तीस. तीनदा टेप लावली. पश्चिमेच्या भिंतीचा चुनाही वेगळा, अलीकडचा. ओळी वाकड्या, गवंड्याचा हात नसलेल्या.

जेवताना हॅस्केटना विचारलं. त्यांचा चमचा हवेतच राहिला. त्या भिंतीपलीकडे नेमबाजीचा लांब बोगदा होता म्हणाले, ओल यायची म्हणून १९१९ साली बुजवला. "नकाशात तिथं नुसती एक रेघ मारा ना. कोणाला काय कळतंय?"

मला कळतंय.

९ ऑक्टोबर
हॅस्केट बाजारात गेले तेव्हा छिन्नीनं चार विटा काढल्या. कार्बोलिकचा, इस्पितळातला वास नाकात शिरला, कालच फरशी पुसावी तसा ताजा. कंदील भोकाशी धरला. लोखंडी खाटा, दोन रांगांत, नजर पोचेल तिथपर्यंत. गोळ्या झाडायच्या जागी खाटा! हरवलेले बाहत्तर फूट सापडले म्हणून मी इतकी खूश झाले की लगेच नकाशा काढायला बसले.

१० ऑक्टोबर
सकाळी अकरा. तळघरात खोकला ऐकला. हॅस्केट तेव्हा वर अंगणात पानं झाडत होते, खिडकीतून दिसत होते.

खोकणारा एक नव्हता.

१२ ऑक्टोबर
हॅस्केटना भोक दाखवलं. ओरडले नाहीत, पायरीवर बसले. मग स्वतःहून बोलले.

१९१८ सालच्या फ्लूच्या साथीत पलटण फ्रान्सला निघायच्या बेतात होती. वरचा हॉल आजाऱ्यांनी भरला, उरलेले बोगद्यात ठेवले. कप्तानानं हुकूम दिला: लोखंडी दार बंद, कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. चावी हॅस्केटकडे होती. एकोणीस वर्षांचा त्यांचा मुलगा एमेट आत.

"दार वाजवायचा हो. पप्पा, पाणी द्या म्हणायचा. मी म्हणायचो, हुकूम आहे रे बाळा. तीन दिवस म्हणत राहिलो, हुकूम आहे, हुकूम आहे. चौथ्या दिवशी वाजवायचं थांबला."

मढी काढून पुरली, तरी खोकला थांबेना. म्हणून ती भिंत त्यांनीच बांधली.

मीही मग लेटीबद्दल सांगितलं. या गावात पहिल्यांदाच. माझी लेक, सहा वर्षांची, तीन वर्षांपूर्वी तापात गेली. दोघं तिथंच बसून रडलो. उद्या भोक बुजवायचं ठरलं.

१३ ऑक्टोबर
मी सिमेंट घेऊन खाली उतरले, तर हॅस्केट विटा पाडत होते. माणूस आत जाईल एवढं भगदाड. शेजारी पाण्याचा जग.

मी म्हटलं, अहो, काय करताय? म्हणाले, "हुकूम संपला, बाई."

जग घेऊन आत गेले. "एमेट, मी आलोय रे" असं म्हणालेले ऐकलं. मग पाणी ओतल्याचा आवाज. मग त्यांचाच खोकला, दोनदा. मग काही नाही.

कंदील घेऊन शिरले. खाटा रिकाम्या. शेवटच्या खाटेवर रिकामा जग. तिकडे दुसरं दार नाही, मी स्वतः भिंत चाचपली. मी बोलावल्यावर पोलीस आला, म्हातारा कुठं भटकला असेल म्हणाला. तिकडे दारच नाही, मग गेला कुठून, मी विचारलं. तो वहीत काहीतरी खरडून निघून गेला.

१४ ऑक्टोबर, दुपार
भगदाड बुजवायला गवंडी दोनला येणार आहे. नगरपालिकेनं धाडलाय. मी भगदाडाशी बसून आहे.

खोकला परत सुरू झालाय. एकच. पुरुषाचा नाही — लहान, कोरडा —

दीड वाजला
तिचाच. दहा हजारांत ओळखेन.

इस्पितळात आमच्यामध्ये काच होती. तिनं तळवा लावला, मी इकडून लावला. नर्स म्हणाली, चला बाई, नियम आहे. आणि मी गेले. काचेवरचा हात काढून गेले. मागं वळूनही —

इथं नर्स नाही. काच नाही

जिन्यावर पावलं. गवंडी लवकर आला — बुजवेल आता

लेटी, खाटेवर सरक जरा बाळा, आई आत ये—