आधी मासे टांगले

प्रिय रागनहिल्ड,

बाबा वाचले, घाबरू नकोस. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुटली होती. हेलिकॉप्टर वेळेवर आलं म्हणून निभावलं. असे बरेच रुग्ण इथवर पोचतच नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाठीत एवढी कळ आली, तरी या माणसाने आधी उरलेले कॉड मासे वाळत टांगले! वर मलाच विचारतात, "त्या पायलटला रविवारी कशाला त्रास दिलास?"

मी ओरडलोच, "आईला जाऊन वर्षही झालं नाही. तुम्हालाही तिच्याकडे जायचंय का?"

"इतक्यात कशाला? चार दिवस शांतता मिळू दे की," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

तुझा खोकला कसा आहे? फोनवर त्यांना तूच रागव. मला आता जमणार नाही.

तुझा भाऊ,
आइनार