कांताबाईंचं पिंप

प्रिय आईस,
इटलीहून तुझ्या मैत्रीचा जय भीम.

थंडी आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगातच असतो. वरणभात मीच करते. गुडघ्याला तेल लावतेस ना? मार्केट यार्डात बेदाणा निवडताना पाटावर बसत जा, जमिनीवर नको.

एक सांगायचं राहिलंय. राहिलं कसलं, टाळलंच. इथे द्राक्षं सुकवतात, एवढंच तुला बोलले होते. पुढे त्यांची गोड वाईन होते. चव घ्यावी लागते, तेव्हा घोट तोंडात फिरवून थुंकते. पाचवं शील मोडलेलं नाही गं. रागवायचं तर फोनवर रागव, अबोला धरू नकोस.

सुकायला टाकलेली द्राक्षं रोज निवडावी लागतात. पहिल्याच दिवशी मी न बघता, नुसत्या बोटांनी नासकी बाजूला काढली. मालकीणबाई बघतच राहिल्या. "कुठं शिकलीस?" म्हणाल्या. म्हटलं, आईच्या मांडीला मांडी लावून.

त्यांनी यंदाच्या लाकडी पिंपावर खडूनं तुझं नाव लिहायला लावलंय. ते पाच वर्षांनी उघडतील, तेव्हा ये. पिऊ नकोस, नुसता वास घे. यार्डातून घरी आल्यावर तुझ्या पदराला यायचा, तोच आहे.

तुझीच,
मैत्री