सांभाळा म्हणजे ऐका

लिंबायत, सुरत
जानेवारी १९७२, मंगळवार, दिवेलागण

सासूबाई अजून सापडल्या नाहीत. त्यांना हल्ली स्वतःचं नावही धड आठवत नाही, आणि बोलतात फक्त अहिराणी. या शहरात कोणाला विचारतील त्या?

दुपारी घासलेटची गाडी आली म्हणून मी डबा घेऊन पळाले. जाता जाता शेजारी हाक मारली, "शांताबेन, सांभाळा हं!" आतून आवाज आला, "हां!" त्या एका 'हां'वर मी निर्धास्त गेले. परत आले तर दार उघडं, खाट रिकामी.

शांताबेन रडायलाच लागल्या. "तू 'सांभळो' बोली, तो मैं सुनने को बाहर आई. तू तो चली गई!" गुजरातीत सांभळो म्हणजे ऐका. इतकी वर्षं इथे राहून मला हे सुचू नये? तो 'हां' म्हणजे नुसतं 'बोल' होतं.

हे स्टेशनपर्यंत शोधून आत्ता रिकाम्या हाती आले. "आईला कोणाच्या भरवशावर सोडलंस?"

शांताबेनच पुढे झाल्या. "मारा भरोसे, भाई."

हे तसेच पुन्हा बाहेर पडले. खोटं बोलली बाई, माझ्यासाठी. मला इथे बसवत नाही. मीही निघते यांच्या मागे. खरं काय ते रस्त्यातच सांगेन.