मागून म्हणणारी

१६ जून, सोम.
रिद्धीचा शाळेचा पहिला दिवस. ज्युनिअर केजी. रडली नाही! बाकीची पोरं गेटला लटकून बोंबलत होती आणि ही बाई दप्तर सावरत सरळ आत. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. रडले मीच. डोळ्यात काहीतरी गेलं असं नितीनला सांगितलं. तो हसला, ‘तुझीच पोरगी हाय. वर्गात मिसला बोलू देनार नाय ती.’
घरी येऊन पार्लर उघडलं. लक्ष कुठे लागतंय. थ्रेडिंग करताना चार वेळा मोबाइल बघितला, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंची एक भुवई जास्तच बारीक झाली. त्यांना म्हटलं, सध्या अशीच चालते.

२ जुलै, बुध.
शर्वरी मिसचा फोन. ‘रिद्धी घरी बोलते ना?’
म्हटलं, मिस, घरी आम्हालाच बोलायला वेळ मागून घ्यावा लागतो.
त्या म्हणाल्या, वर्गात अजून एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. पाणी हवं तर बाटली दाखवते. शू लागली तर दाराशी जाऊन उभी राहते.
काहीतरी घोळ असणार, दुसरी कुणी रिद्धी असेल. कालच तर आजीशी भांडत होती, ताटातला मोठा बोंबील कुणाचा म्हणून. व्हॅनवाल्या काकांना विचारलं तर म्हणे, ‘ताई, मला वाटलं पोरगी मुकीच आहे.’ असा राग आला! काकांचा नाही. कुणाचा ते कळेना.

२३ जुलै, बुध.
पनवेलला डॉक्टरांना दाखवलं. कान ठीक, घसा ठीक. काही मुलं घरी बडबडतात आणि बाहेर त्यांची वाचा बसते, म्हणाले. जबरदस्ती करू नका, धीर धरा.
मी कुठे जबरदस्ती करतेय? मी फक्त विचारते. आज बोललीस? मिसला गुड मॉर्निंग म्हटलंस? एकदाच म्हण ना, सायकल घेईन. बाहुली घेईन. बरं, काय हवंय ते सांग.
सासूबाई अंगणात सुकट निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘तिचा तोंड हाय. तिला उघरायचा तवा उघरंल. तू कला जीव टाकतंस?’
जीव टाकू नको तर काय करू?

१८ सप्टें., गुरु.
इथे लिहिते कारण बोलायला कुणी नाही. पार्लरमध्ये एक शब्द बोलला की संध्याकाळपर्यंत रोडपालीला पोचतो. तरी पोचलाच आहे. येणारी प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आधी, ‘बोलली का गं?’
दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर दोघी पाण्याच्या टाकीमागे. सासूबाई धवले म्हणत होत्या, लग्नातली गाणी. आमच्या करंजाड्यात आणि आजूबाजूच्या गावांत लग्नाचा मांडव पडला की पहिलं बोलावणं त्यांना. एक ओळ त्या म्हणतात, ती मागची बाई उचलते. त्यांच्या मागून म्हणणारी त्यांची जाऊ गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून त्या एकट्याच म्हणायच्या, दोन्ही ओळी.
आज मागची ओळ रिद्धी उचलत होती. मोकळा, खणखणीत आवाज. एक शब्द चुकला तर सासूबाईंनी मांडीवर चापटी मारली, आणि हिने परत म्हटला. चार वर्षांची पोर!
लग्न करून आले तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं होतं, ‘म्हनशील का माझ्या मागून?’ मी पनवेलच्या टपाल नाक्याची, आमच्याकडे लग्नात बँड नाहीतर डीजे. म्हटलं, आई, माझा आवाज फाटका आहे. त्यांनी परत नाही विचारलं.
कपडे तसेच ठेवून खाली आले. मग जिन्यात बसून राहिले.

१४ नोव्हें., शुक्र.
सहामाहीचं प्रगतिपुस्तक. चित्रं छान, आकडे छान, शिस्त उत्तम. तोंडीच्या रकान्यात नुसती रेघ.
नितीन भडकला. ‘गावच्या शालेत घातली असती तं बोलली असती. तुला इंग्लिश पायजे ना!’ मी म्हटलं, तुझ्या टँकरवर पाठव मग, पाणी विकायला. फार वाढलं. रिद्धी मधे उभी राहून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. दोघं गप्प झालो तर म्हणते कशी, ‘भांडा ना, मी बगते.’
हसू आवरेना. मग तिला उचलून घेतलं. एवढं टपटप बोलणारं माझं लेकरू. शाळेत कुणी बघितलंच नाही हिला!

२४ जाने., शनि.
मनात काहीतरी शिजतंय.
चुलत दीर निखिलचं लग्न पुढच्या महिन्यात. आमच्याकडे खरं निमंत्रण हळदीचं. लग्नाला नाही आलात तर चालतं, हळदीला नाही आलात तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सासूबाई धवले म्हणणार, रिद्धी शेजारी असणारच.
मिसना बोलावलं तर? एकदा त्यांनी हिला ऐकावं, बस. मग कुणाची हिंमत आहे रेघ ओढायची.
सासूबाईंना अजून सांगितलं नाही. उगाच फाटे फोडतील.

१५ फेब्रु., रवि.
काल हळद. अंग आंबलंय, आवाज बसलाय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.
दिवेलागणीला उंबराची फांदी मांडवात आली. डीजेवाला अजून वायरी जोडत होता. तेवढ्यात बायका बसल्या, मधे सासूबाई, मांडीला मांडी लावून रिद्धी. हिरवं लुगडं नेसवलेलं, केसांत अबोली. सासूबाईंनी पहिली ओळ घेतली आणि मागची रिद्धीने एकटीने उचलली. बाकीच्या बायकांनी म्हणायचंच सोडलं, नुसत्या ऐकत राहिल्या. नवरदेवाची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली.
मिस आल्या होत्या. मंडपाच्या कापडाआड मीच उभं केलं त्यांना. माझा हात घट्ट धरला. ‘ही रिद्धी? आपली रिद्धी?’ त्यांचेही डोळे भरले. ‘व्हिडिओ काढू का?’
म्हटलं, काढा मिस, काढा. खुशाल काढा.
अशी छाती फुगली होती काल! नितीनबरोबर डीजेवर नाचले. गुडघा दुखतोय.

१६ फेब्रु., सोम.
अकराच्या सुमाराला मिसचा मेसेज. व्हिडिओ वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर लावला. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या वर्गालापण बोलावून दाखवला. खाली फुलंच फुलं.
मी तो मेसेज, मिसनी पाठवलेल्या व्हिडिओसकट, माहेरच्या ग्रुपवर टाकला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला.
व्हॅन आली. रिद्धी उतरली. अंगावर दुसरीच चड्डी, शाळेतली. तिची ओली, दप्तरात पिशवीत बांधलेली. काय झालं गं? नाही. कुणी बोललं का? नाही. म्हणजे ‘नाही’सुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत होती.
झोप येत असेल.

१९ फेब्रु., गुरु.
झोप नव्हती. सोमवारपासून घरातही शब्द नाही. माझ्याशी नाही, बापाशी नाही, आजीशी नाही. काल सासूबाईंनी पहिली ओळ म्हटली, तर हिने दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले.
मग सगळं सांगावं लागलं. मिसला बोलावलं, आड उभं केलं, काढा म्हटलं. सासूबाई ऐकत होत्या. सुकट निवडणारे हात चालू होते, मग थांबले.
‘ती माज्या मागून म्हनत व्हती. माज्या पाठीच्या आड. तू तिला उचलून साऱ्या गावासमोर ठेवलास.’
एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत, जेवल्याही नाहीत.
मिसना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. ‘मला वाटलं तिला बरं वाटेल हो.’ मलाही तेच वाटलं होतं. व्हिडिओ त्यांना काढून टाकायला सांगितला. माझ्या मोबाइलमधला रिद्धीसमोर बसून काढून टाकला. ग्रुपवरचासुद्धा. तिने बघितलं. काही फरक नाही.

२८ फेब्रु., शनि.
डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. अशा मुलांना बघणाऱ्या मुंबईतल्या एका ताईंचं नाव दिलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली.
घरात सासूबाईंचा हुकूम. ‘कोनी काय इचारायचा नाय. मी पन नाय, तू पन नाय.’
विचारायचं नाही! माझा जन्म गेला विचारण्यात. खुर्चीत बसलेल्या बाईचं सात पिढ्यांचं काढून घेते मी. आता पोटची पोर समोर बसून भात चिवडतेय आणि मी ‘तिखट लागलं का’ म्हणायचं नाही. जीभ चावून चावून दुखायला लागलीय. दर थोड्या वेळाने उठून गेटपर्यंत जाते, परत येते. नितीन म्हणतो, ‘बस ना एका जागी.’ कुठल्या जागी बसू?

१२ मार्च, गुरु.
आज पार्लर बंद ठेवलं. सासूबाई वाल सोलत होत्या, रिद्धी शेजारी. मी पण जाऊन बसले. कुणी बोलेना. पहिल्यांदा वाटलं गुदमरून मरेन. मग वालच दिसायला लागले. रिद्धी सालं एकीकडे लावत होती, माझी सालं दाण्यांत पडली की उचलून तिकडे टाकत होती.
शेवटी ती उठली, आजीच्या कानाला लागली आणि काहीतरी पुटपुटली. सासूबाई शांतपणे मला म्हणाल्या, ‘तिला पानी पायजे.’
धावत गेले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि जळलेही. माझ्या कानात का नाही? मी आई आहे ना.

२८ मार्च, शनि.
अजूनही आजीच्या कानातच. त्या ताईंकडे जाऊन आलो. त्या छान आहेत, घाई नको म्हणतात. सगळेच घाई नको म्हणतात. रिद्धी शाळेत जाते, हात वर करते, येते. मिस तिला काही विचारत नाहीत, फक्त शेजारी बसून चित्र रंगवतात. परवा मिसनी चित्र पाठवलं, दोघींनी मिळून रंगवलेलं. जांभळी बकरी.

१० एप्रिल, शुक्र.
शाळेत बोलावलं होतं. मोठ्या मॅडम. गोड बोलल्या. तोंडी झाल्याशिवाय सीनिअर केजीला चढवता येत नाही म्हणे, नाहीतर पुन्हा ज्युनिअरला, नव्या छोट्या मुलांबरोबर. शर्वरी मिसनी बाजू लावून धरली. त्या ताईंची चिठ्ठीपण दाखवली. मग मॅडम म्हणाल्या, बरं, घरी बोलतानाचा एक व्हिडिओ पाठवा सोमवारपर्यंत. कविता, गाणं, काहीही. फक्त आवाज ऐकू आला पाहिजे.
व्हिडिओ!
मिसनी माझ्याकडे बघितलं, मी मिसकडे. दोघींनी माना खाली घातल्या.
नितीन म्हणतो, ‘गपचूप काढू ना. तिला काय कलतंय.’ कळतं रे. तिला सगळं कळतं.
पण वर्गातली सगळी मुलं वर जाणार. ही मागे, तीनसाडेतीन वर्षांच्या पोरांत. तेव्हा हिला काय वाटेल? तेही कळेलच ना तिला.

१२ एप्रिल, रवि.
सकाळपासून हातात मोबाइल. चार्ज करून ठेवला, त्यातली जागा रिकामी करून ठेवली. काढायचा की नाही ते ठरलं नाही, पण तयारी सगळी. स्वतःचाच राग येत होता.
ऊन उतरल्यावर गच्चीवरून आवाज आला. सासूबाईंचा. आणि मागून, बारीक, आता विझेल की मग असा, दुसरा.
फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.
चपला काढून जिना चढले. टाकीच्या या बाजूला उभी राहिले. मोबाइल काढला, कॅमेरा उघडला. टाकीच्या कडेवरून हात पुढे नेला असता तर झालं असतं. सीनिअर केजी. ओळीच्या शेवटी ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता.
हात पुढे जाईना. मागेही येईना.
आणि रिद्धी गायची थांबली. टाकीआडून डोकावून माझ्याकडे बघत होती. मोबाइलकडे. सासूबाईंनीही बघितलं.
गेलं, म्हटलं. परत घालवलं मी.
काय सुचलं कोण जाणे, मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला आणि तिथेच, तापलेल्या फरशीवर, बसले. विचारलं काही नाही. खाली कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती.
मग ती उठली. आजीच्या कानाकडे नाही गेली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.
‘मम्मी, तू मागून म्हन.’
माझ्याशी. मला.
सासूबाई तिकडे तोंड फिरवून बसल्या. रिद्धीने आजीची ओळ घेतली, पहिली. मी मागची उचलली. शब्द येत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघून म्हणत होते. फाटका तर फाटका आवाज. चुकले तेव्हा तिने माझ्या मांडीवर चापटी मारली आणि मी परत म्हटलं.
आता जेवणं झाली. नितीन बाहेरून दोनदा विचारून गेला, ‘काढलास का? पाठवलास का?’ मोबाइल वर गच्चीतच राहिलाय. उद्या सोमवार. मॅडमना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. उद्या दुसरा धवला शिकवणार आहे, असं ती म्हणालीय.